ॲड-ऑन्सनाही पॅकेजचा दर्जा द्या: विम-इमॅक्सच्या प्लगिन-लेखकांना आणि डेबियनच्या मेंटेनरांना खुले पत्र

प्रति,
विम आणि इमॅक्स या एडिटरांसाठी प्लगिन लिहिणारे सर्व लेखक,
आणि डेबियनमध्ये त्या प्लगिन्सची पॅकेजेस सांभाळणारे सर्व मेंटेनर यांस

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची देखभाल माझ्याकडे आहे. तेथील सर्व संगणकांवर डेबियन ही लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली चालते. विद्यार्थी सी, पायथन आणि शेल स्क्रिप्ट बहुतेक वेळा विममध्ये लिहितात. काही जण, विशेषतः प्रकल्पाचा अहवाल लाटेक या दस्तऐवज-मांडणीच्या प्रणालीत तयार करणारे, इमॅक्सकडे वळतात. हे दोन्ही एडिटर, त्यांचे कंपायलर, त्यांचे फॉन्ट, किंबहुना त्या संगणकांवरचे जवळजवळ सर्व काही आम्ही ॲप्ट या डेबियनच्या पॅकेज मॅनेजरने बसवतो, ॲप्टने अद्ययावत ठेवतो आणि नको झाले की ॲप्टनेच काढून टाकतो. अपवाद राहतो तो एडिटरांच्या ॲड-ऑन्सचा, म्हणजे एडिटरला जादा सोयी देणाऱ्या प्लगिन्सचा. ती मात्र ज्याची त्याने, जमेल तेथून, जमेल तशी आणावीत, असा प्रघात पडून गेला आहे. हा प्रघात बदलावा, प्लगिन हाही एक प्रोग्रॅमच आहे असे मानून त्याचे वितरण सिस्टीमच्या पॅकेज मॅनेजरमधून व्हावे, आणि त्यासाठी आपण दोघांनी, म्हणजे लेखकांनी आणि मेंटेनरांनी, आपापल्या बाजूने काही ठरावीक गोष्टी कराव्यात, ही विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. आपल्यापैकी बहुतेक जण हे काम स्वतःच्या वेळेतून आणि मोबदल्याविना करतात याची मला पूर्ण जाणीव आहे, म्हणून जे मागतो आहे त्याची कारणे नीट मांडणे हे माझे कर्तव्य समजतो.

विमची पहिली आवृत्ती १९९१ साली आली, आणि त्यानंतर बराच काळ प्लगिन बसवण्याची रीत एकच होती. संकेतस्थळावरून झिप फाइल उतरवायची आणि होम डिरेक्टरीतील विमच्या फोल्डरमध्ये ती उलगडायची. झिपमधील एक फाइल प्लगिन नावाच्या फोल्डरात जाई, दुसरी सिंटॅक्समध्ये, तिसरी एफटीप्लगिनमध्ये, आणि मदतीचा मजकूर डॉकमध्ये. पाच-सहा प्लगिन्स झाली की कोणती फाइल कोणाबरोबर आली हे सांगणे अशक्य होई. निरनिराळी धान्ये एकाच कणगीत ओतावीत आणि महिन्याभराने त्यातली ज्वारी तेवढी वेगळी मागावी, तसा तो प्रकार होता. पॅथोजेन या साधनाने प्रत्येक प्लगिनला स्वतःचे फोल्डर दिले. त्यानंतर व्हंडल आणि विम-प्लग यांनी गिटवरून, म्हणजे कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीवरून, प्लगिन उतरवणे आणि अद्ययावत करणे एका आज्ञेवर आणले. आणि २०१६ च्या सप्टेंबरात आलेल्या विम ८ ने ही फोल्डरांची मांडणी एडिटरच्या गाभ्यातच घेतली. इमॅक्सने हाच टप्पा २०१२ मध्ये, २४व्या आवृत्तीत स्वतःचा पॅकेज मॅनेजर सोबत देऊन गाठला. या सर्वांनी वापरकर्त्याचे कष्ट खरोखर वाचवले आहेत, आणि त्यांचे मोल कमी लेखण्याचा माझा मुळीच उद्देश नाही. मात्र या साधनांची नजर एडिटरच्या कुंपणापर्यंतच पोहोचते. कुंपणाबाहेर काय बसवलेले आहे, कोणती लायब्ररी हवी आहे आणि ती कोणत्या आवृत्तीची, हे त्यांना कळत नाही, आणि अडचणी नेमक्या तेथेच सुरू होतात.

याचे सर्वांत साधे उदाहरण खुद्द विमचेच आहे. डेबियनच्या मूळ स्थापनेत जे विम येते ते विम-टायनी नावाचे अगदी छोटे रूप असते, आणि त्यात स्क्रिप्ट चालवण्याची सोयच ठेवलेली नसते. नवा विद्यार्थी एखादा लेख वाचून विम-प्लग उतरवतो, आपल्या विमआरसी या सेटिंग्जच्या फाइलमध्ये चार ओळी लिहितो, एडिटर उघडतो आणि प्लगिन काही चालत नाही. त्यावर उपाय म्हणून नेहमीचे विम बसवले तरी अल्टिस्निप्स किंवा यूकंप्लीटमी यांसारखी प्लगिन्स चालत नाहीत, कारण त्यांना पायथनसह बांधलेले (कंपाइल केलेले) विम लागते. डेबियनमध्ये ते विम-नॉक्स किंवा विम-जीटीके३ या पॅकेजांतून मिळते. यूकंप्लीटमीचे काम तेवढ्यावरही भागत नाही. त्याचा एक भाग सी++ मध्ये लिहिलेला असल्यामुळे तो बांधण्यासाठी कंपायलर, सीमेक हे बांधणीचे साधन आणि पायथनच्या हेडर फाइल्स लागतात. गिटवरून प्लगिन आणणाऱ्या साधनाला यातले काहीही ठाऊक नसते. ते फाइल्स आणून ठेवते आणि पुढची त्रुटी वाचून अर्थ लावण्याचे काम विद्यार्थ्यावर सोडते. पॅकेज मॅनेजर मात्र ‘या प्लगिनला पायथन असलेले विम हवे’ ही अट अवलंबनांच्या यादीत एका ओळीत नोंदवू शकतो, आणि बांधकाम एकदाच, डेबियनच्या यंत्रांवर, होऊन गेलेले असते.

इमॅक्सच्या बाजूला पीडीएफ-टूल्स हे प्लगिन हीच गोष्ट आणखी स्पष्ट करते. ते पीडीएफ फाइल इमॅक्समध्ये दाखवते, त्यात शोध घेऊ देते आणि टिपणे करू देते, आणि लाटेकमध्ये लिहिणाऱ्याला ते एकदा वापरले की सोडवत नाही. पण पडद्यामागे त्याला पीडीएफ वाचणाऱ्या पॉपलर लायब्ररीच्या आधारावर सीमध्ये लिहिलेला एक छोटा सर्व्हर लागतो, आणि इमॅक्सच्या स्वतःच्या मॅनेजरने ते बसवले तर हा सर्व्हर वापरकर्त्याच्या यंत्रावर बांधावा लागतो. कंपायलर नसेल, पॉपलरच्या हेडर फाइल्स नसतील, किंवा सिस्टीम अद्ययावत केल्यावर पॉपलरची आवृत्ती बदललेली असेल, तर काल चालणारे प्लगिन आज चालत नाही. डेबियनमध्ये एल्पा-पीडीएफ-टूल्स आणि त्याच्या सर्व्हरचे पॅकेज ॲप्टने मागितले की दोन्ही तयार स्थितीत येतात, आणि पॉपलर बदलले तर सर्व्हर पुन्हा बांधण्याची जबाबदारी डेबियनच्या व्यवस्थेवर असते. ज्या मेंटेनरने हे पॅकेज केले त्याने किती जणांचे किती तास वाचवले असतील, याची कल्पना बहुधा त्यालाही नसेल.

आता प्रयोगशाळेबद्दल थोडे, कारण सामायिक संगणकांचा विचार प्लगिनच्या चर्चांमध्ये क्वचितच होतो. जे साधन एका माणसाच्या एका लॅपटॉपसाठी उत्तम असते ते साठ-सत्तर संगणकांवर आणि दर वर्षी बदलणाऱ्या विद्यार्थ्यांवर लादले की निराळेच रूप धारण करते. आमच्याकडे बाहेरचे जाळे प्रॉक्सीतून, म्हणजे मधल्या एका सर्व्हरमार्फत, मिळते, आणि गिटला प्रॉक्सी सांगणे हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला सहज जमणारे काम नाही. प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीला जागेची मर्यादा असते, आणि तीच ती प्लगिन्स प्रत्येकाच्या खात्यात, पूर्ण गिट इतिहासासह, पुन्हा पुन्हा साठवली जातात. प्रात्यक्षिकाच्या दिवशी सारा वर्ग एकाच वेळी तेच उतरवू लागतो. याउलट ॲप्टच्या बाबतीत प्रयोगशाळेत ॲप्ट-कॅशर-एनजी लावलेले आहे; कोणतेही पॅकेज बाहेरून एकदाच येते आणि उरलेल्या सर्व संगणकांना ते आतूनच मिळते. बाहेरचे जाळे दुपारभर बंद असले तरी सकाळी एकदा आलेले पॅकेज दुपारी कुठल्याही संगणकावर बसवता येते. शिवाय कोणती फाइल कोणत्या पॅकेजमधून आली, ती मूळ स्वरूपात आहे की मध्ये कोणी बदलली, हे डीपीकेजी आणि डेबसम्स ही डेबियनची साधने एका आज्ञेत सांगतात. विद्यार्थ्याने ‘सर, विम उघडतच नाही’ असे म्हटल्यावर दोष सिस्टीमच्या फाइल्समध्ये आहे की त्याच्या खात्यातल्या, हे ठरवायला मला एक मिनिट पुरते. प्लगिन्स मात्र खात्यात विखुरलेली असली की तोच शोध तासिकेचा अर्धा वेळ खातो.

विश्वासाचा प्रश्न याहून गंभीर आहे. विमचे किंवा इमॅक्सचे प्लगिन कोणत्याही बंदिस्त चौकटीत चालत नाही; वापरकर्ता जे जे करू शकतो ते सर्व प्लगिन करू शकते, दूरच्या संगणकांत शिरण्याच्या त्याच्या एसएसएच किल्ल्या वाचू शकते, त्याच्या फाइल्स बाहेर पाठवू शकते. असे असूनही विम-प्लगला एखाद्या रिपॉझिटरीचे (गिटवरील कोडसाठ्याचे) नाव दिले की ते त्या रिपॉझिटरीच्या मुख्य शाखेचे त्या क्षणीचे टोक आणते. ठरावीक टॅग (आवृत्तीची खूण) किंवा कमिट (बदलाची नोंद) सांगण्याची सोय त्यात आहे, पण नमुन्याच्या विमआरसी उतरवून घेणारा नवखा विद्यार्थी ती वापरत नाही. इमॅक्सच्या बाजूला ग्नू एल्पा या अधिकृत भांडारातील पॅकेजांवर डिजिटल सही असते आणि ती तपासली जाते; पण बहुतेक लोक ज्यावर अवलंबून असतात त्या मेल्पा या दुसऱ्या भांडारात सही नसते, आणि तेथील नेहमीची पॅकेजेस ताज्या कमिटवरून आपोआप बांधली जातात. म्हणजे लेखकाचे खाते कोणाच्या हाती लागले, तर ती व्यक्ती आणि माझा विद्यार्थी यांच्यामध्ये कोणताही माणूस उभा नसतो.

हे भय काल्पनिक नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये व्हीएस कोडच्या कुळातील एडिटरांना एक्स्टेन्शन्स पुरवणाऱ्या ओपन व्हीएसएक्स या भांडारात ग्लासवर्म या नावाने ओळखला गेलेला घातक कोड सापडला. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या युनिकोड अक्षरांत लपवलेला होता, विकासकांची ओळखपत्रे चोरून तो पुढच्या एक्स्टेन्शन्समध्ये शिरत होता, आणि एडिटर स्वतःहून अद्ययावत होत असल्यामुळे वापरकर्त्याने काहीही न करता त्याच्यापर्यंत पोहोचत होता. विम आणि इमॅक्सच्या प्लगिन्सचे वाटप याहून अधिक सुरक्षित पायावर उभे आहे असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही.

ॲप्टची साखळी निराळी आहे. डेबियनच्या भांडाराच्या अनुक्रमणिकेवर डेबियनच्या किल्लीची सही असते, त्या अनुक्रमणिकेत प्रत्येक पॅकेजचा हॅश (आशयावरून काढलेला ठसा) असतो, आणि यातले काहीही जुळले नाही तर ॲप्ट पॅकेज बसवण्यास नकार देतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे लेखकाचा कोड आणि वापरकर्ता यांच्यामध्ये एक माणूस असतो, जो नवी आवृत्ती आली म्हणून ती आंधळेपणाने पुढे ढकलत नाही. हा माणूस चुकणारच नाही असे मी म्हणत नाही. २०२४ च्या मार्च महिन्यात उघडकीस आलेले, एक्सझेड या फाइल आकुंचित करणाऱ्या साधनाचे प्रकरण आपल्या सर्वांच्या स्मरणात आहे. घातक कोड असलेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांपर्यंत पोहोचल्या होत्या. पण स्थिर शाखेपर्यंत त्या पोहोचल्या नाहीत, आणि त्याचे कारण डेबियनच्या ज्या संथपणाबद्दल एरवी तक्रार होते तोच संथपणा होता. मेंटेनरच्या सावधपणाचे आणखी एक उदाहरण विममधलेच आहे. फाइलच्या आतच एडिटरला सूचना देणाऱ्या मोडलाइन्स डेबियनने आपल्या विममध्ये फार पूर्वीपासून बंद ठेवल्या होत्या, आणि २०१९ मध्ये जेव्हा केवळ फाइल उघडल्याने मोडलाइनमार्फत कोणतीही आज्ञा चालवता येते असा दोष जाहीर झाला, तेव्हा ज्यांनी ही मूळ मांडणी बदललेली नव्हती ते त्यातून वाचले. असा विचार आपल्या वतीने कोणीतरी आधीच करून ठेवलेला असणे, हे सामान्य वापरकर्त्याला पॅकेजमधूनच मिळते.

टिकाऊपणाचीही बाजू आहे. २०२२ च्या डिसेंबरात ॲटम हा एडिटर बंद करण्यात आला, आणि त्याची पॅकेजेस पुरवणारी सेवाही त्याच निर्णयात गेली. पुढे पल्सार नावाने त्याचा वारसा चालवणाऱ्या मंडळींना ती पॅकेजेस जपण्यासाठी स्वतः धडपड करावी लागली. विम आणि इमॅक्स कोणा एका कंपनीचे नाहीत हे खरे, पण त्यांची प्लगिन्स मात्र बहुतांशी एकाच कंपनीच्या संकेतस्थळावरील वैयक्तिक खात्यांत आहेत, आणि खाते बंद झाले, रिपॉझिटरी हलवली किंवा खोडली, की तो पत्ता लिहिलेली प्रत्येक विमआरसी त्या दिवशी निकामी होते. डेबियनच्या स्नॅपशॉट सेवेत २००५ पासूनची पॅकेजेस आजही मिळतात. दहा वर्षांपूर्वीच्या प्रकल्पाची परिस्थिती जशीच्या तशी उभी करायची असेल, तर विमच्या प्लगिनपासून कंपायलरपर्यंत सर्व काही त्याच तारखेचे मागता येते, अर्थात ते प्लगिन त्या वेळी पॅकेज झालेले असेल तर.

या सगळ्यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो खोटा नाही: स्थिर डेबियन साधारण दोन वर्षांनी येते, आणि तोवर त्यातील प्लगिन जुने होते. लेखकांची याबद्दलची नाराजी मला समजते, कारण दोन वर्षांपूर्वी दुरुस्त केलेल्या दोषाची तक्रार पुन्हा पुन्हा ऐकावी लागणे कोणालाही नकोसे होईल. पण या आक्षेपाचा आवाका तपासून पाहावा अशी माझी विनंती आहे. कंस जुळवणारे, ओळी रांगेत लावणारे, गिटची स्थिती दाखवणारे प्लगिन दर आठवड्याला नवे असण्याची गरज नसते. विद्यार्थ्याला तर ते सत्रभर जसेच्या तसे राहिलेले हवे असते, म्हणजे सप्टेंबरात शिकलेली कळ नोव्हेंबरच्या परीक्षेत तेच काम करते. ज्यांना खरोखर नवी आवृत्ती हवी त्यांच्यासाठी बॅकपोर्ट्सची, म्हणजे स्थिर डेबियनसाठी पुन्हा बांधलेल्या नव्या पॅकेजांची, वाट आहे. आणि ज्याला त्याहूनही पुढचे हवे त्याला पॅकेज मॅनेजर अडवत नाही. इमॅक्स सिस्टीममधील आणि वापरकर्त्याच्या खात्यातील अशा दोन्ही आवृत्त्या पाहून त्यांतली नवी निवडतो. विममध्ये सिस्टीमचे प्लगिन ऐच्छिक ठेवले असेल तर वापरकर्त्याने ते न जोडता स्वतःच्या फोल्डरातील प्रत चालवली की झाले. भाषांच्या सर्व्हरशी बोलणारी, महिन्यागणिक बदलणारी काही प्लगिन्स पॅकेजच्या चौकटीत नीट बसत नाहीत, हेही मला मान्य आहे. त्यांच्यासाठी विम-प्लग आणि मेल्पा राहावेतच. पण त्या मोजक्यांच्या गतीवरून सर्वांचा नियम ठरू नये.

लेखकांकडे माझे मागणे फार नाही. पहिले म्हणजे आवृत्तीला टॅग लावा. मुख्य शाखेत वर्षानुवर्षे कमिट होत राहतात, पण ‘ही १.४’ असे कोठेच म्हटलेले नसते, आणि मग कोणता क्षण पॅकेज करावा हे मेंटेनरने अंदाजाने ठरवायचे, मेल्पाच्या स्थिर भांडारातही ते प्लगिन दिसायचे नाही. दुसरे म्हणजे परवान्याची फाइल ठेवा. विमच्या जुन्या प्लगिन्समध्ये ‘विमच्याच अटींवर वितरित’ अशी एक ओळ असे, आणि निदान ती तरी हेतू स्पष्ट करी. आता कित्येक चांगल्या रिपॉझिटरींमध्ये तेवढेही नसते. कोड सर्वांसमोर ठेवला म्हणजे वाटण्याची परवानगी दिली असा अर्थ कायद्याने होत नाही, आणि अशा प्लगिनला डेबियन इच्छा असूनही हात लावू शकत नाही. पाच मिनिटांच्या या कामाअभावी वर्षांची मेहनत दाराबाहेर थांबलेली पाहून वाईट वाटते.

तिसरे मागणे थोडे अवघड आहे. प्लगिन पहिल्यांदा उघडल्यावर जाळ्यावरून तयार बायनरी उतरवणे किंवा मागचापुढचा विचार न करता कंपायलर चालवणे, ही सवय वाढत चालली आहे. त्यामागचा हेतू वापरकर्त्याची सोय हाच असतो, हे उघड आहे. पण सिस्टीमच्या फोल्डरात बसवलेल्या प्लगिनला तेथे लिहिण्याची मुभा नसते, प्रॉक्सीमागे ते अडकते, आणि पॅकेज करणाऱ्याला ते वर्तन प्रत्येक आवृत्तीत पॅच लावून काढावे लागते. म्हणून प्लगिनने आधी सिस्टीममध्ये ती आज्ञा किंवा लायब्ररी आहे का ते पाहावे, असेल तर तीच वापरावी, आणि नसेल तर विचारल्याशिवाय काहीही आणू नये. मदतीच्या मजकुरालाही हेच लागू आहे. विमचे मदत-टॅग त्या डॉक फोल्डरातच लिहिले जातात, म्हणून सिस्टीमभर बसवलेल्या प्लगिनचे टॅग पॅकेज बसवतानाच तयार व्हायला हवेत. लेखकांनी मदत विमच्या रीतीप्रमाणे डॉक फोल्डरात लिहिली तरच ते शक्य होते. केवळ रीडमीत लिहिलेली माहिती एडिटरच्या आत बसलेल्या, जाळे नसलेल्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचत नाही.

मेंटेनरांकडे वळतो. आपल्या कामाचा लाभ मी रोज घेतो, आणि तरीही एक गोष्ट मनापासून सांगितली पाहिजे: पॅकेज बसवणे सोपे झाले आहे, पण बसवल्यानंतर ते चालू कसे करायचे हे अजून सोपे झालेले नाही. एल्पाने सुरू होणारे पॅकेज बसवले की ते इमॅक्सला लगेच दिसते. विमचे पॅकेज बसवले की बहुतेक वेळा काहीच दिसत नाही. काही पॅकेजेसना विम-ॲडऑन-मॅनेजरची आज्ञा द्यावी लागते, काहींना विमआरसीमध्ये पॅकॲड या आज्ञेची ओळ लिहावी लागते, आणि यांपैकी कोणते हे पॅकेजसोबतच्या रीडमी-डेबियन फाइलमध्ये असले तर असते. एकाने बसवलेल्या प्लगिनने त्याच संगणकावरच्या दुसऱ्याचा एडिटर बदलू नये, या विचारातून विमची पद्धत आली आहे, आणि सामायिक संगणक सांभाळणारा म्हणून मी त्या विचाराच्या पूर्ण बाजूने आहे. माझे म्हणणे एवढेच आहे की पद्धत सर्वत्र एकच असावी. विम ८ ची फोल्डर-मांडणी आता प्रत्येक समर्थित डेबियनमध्ये उपलब्ध आहे, आणि तिच्यासाठी डीएच-विम-ॲडऑन हे साधनही आपणच तयार केले आहे. तेव्हा उरलेली जुनी पॅकेजेसही तिच्यावर आणावीत, आणि चालू करण्याची नेमकी ओळ ॲप्ट-शो दाखवते त्या वर्णनातच लिहावी. विद्यार्थी वर्णन वाचतो. यूएसआर-शेअर-डॉक या फोल्डराच्या आत जाऊन रीडमी शोधणारा मला क्वचितच भेटला आहे.

नावांचाही विचार व्हावा. इमॅक्सच्या पॅकेजांना एल्पा हा उपसर्ग दिल्यामुळे ती शोधात एका रांगेत येतात. विमच्या बाबतीत विम-टायनी, विम-नॉक्स, विम-कॉमन ही खुद्द एडिटरची पॅकेजेस आणि विम-एअरलाइन, विम-फ्युजिटिव्ह ही प्लगिन्स एकाच उपसर्गाखाली मिसळलेली आहेत, आणि नवख्याला त्यातून काय एडिटर आणि काय ॲड-ऑन हे उमगत नाही. आजची नावे बदलणे अवघड असेल, तर निदान एखादे सामायिक वर्गनाम किंवा डेबटॅग (डेबियनमधील पॅकेजाची वर्गखूण) नेमाने लावला तरी शोध घेता येईल. जेन्टू या दुसऱ्या लिनक्स वितरणाने विमच्या प्लगिन्ससाठी ॲप-विम असा स्वतंत्र विभागच ठेवला आहे आणि निक्स या पॅकेज मॅनेजरमध्ये विमप्लगिन्स हा वेगळा संच आहे, म्हणजे ही गरज इतरांनाही जाणवलेली आहे. तसेच विम-स्क्रिप्ट्स या गठ्ठ्याबद्दल: अनेक लेखकांची प्लगिन्स एका पॅकेजमध्ये बांधली की त्यातले कोणते किती जुने आहे हे बाहेरून कळत नाही आणि एकाच्या दुरुस्तीसाठी सर्वांची आवृत्ती हलवावी लागते. इमॅक्सच्या बाजूला इमॅक्स-गुडीज हा असाच गठ्ठा आपण सोडवून त्यातून वेगवेगळी एल्पा पॅकेजेस केलीत. विमच्या गठ्ठ्यातील जी प्लगिन्स आजही वापरात आहेत त्यांना तोच न्याय मिळावा, आणि ज्यांचे काम आता विम स्वतःच करते ती सन्मानाने निवृत्त करावीत.

मनुष्यबळ कमी आहे, हे उत्तर मला अपेक्षित आहे आणि ते खरेही आहे. म्हणून रिकाम्या हाताने मागू नये असे ठरवले आहे. पुढील सत्रापासून प्रयोगशाळेतील काही संगणक डेबियनच्या चाचणी शाखेवर ठेवण्याची परवानगी मी विभागाकडून घेतली आहे. तेथे विम आणि इमॅक्सच्या ॲड-ऑन पॅकेजेसचा विद्यार्थ्यांकडून रोजच्या कामात वापर होईल, आणि जे बिघडेल त्याची नोंद पुरेशा तपशिलासह डेबियनच्या बग प्रणालीत केली जाईल, म्हणजे पुढच्या स्थिर आवृत्तीच्या गोठणीपूर्वी, म्हणजे तिच्यात नवे बदल घेणे थांबण्यापूर्वी, आपल्या हाती ती असेल. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत चालतो, पण पॅकेजांची वर्णने मराठीत फारशी वाचायला मिळत नाहीत. वर्णनांच्या भाषांतराचा डेबियनचा जो प्रकल्प आहे त्यात या ॲड-ऑन्सच्या वर्णनांपासून सुरुवात करण्यास आमचे काही विद्यार्थी तयार आहेत, आणि त्यांचे मराठी तपासून देण्याचे काम मी करीन. चालू करण्याची ओळ वर्णनात आपण एकदा लिहिलीत, की तिचे मराठीही लगोलग पाठवू. ज्या लेखकांच्या प्लगिनला परवान्याची फाइल किंवा टॅग नाही त्यांना त्याबद्दलची विनंती आम्ही त्यांच्या रिपॉझिटरीत, प्लगिन कशासाठी वापरतो हे सांगून, एकेक करून लिहिणार आहोत. अशी विनंती आपल्यापर्यंत आली तर तिच्यामागे एक वर्ग वाट पाहत आहे असे समजून तिचे उत्तर द्यावे.

आपला विश्वासू,
संगणक प्रयोगशाळेचा एक व्यवस्थापक